शस्त्रक्रिया झेपणारी नसेल तर: गर्भाशयाच्या ब्रॅकीथेरपीची तयारी

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात गर्भाशय काढून टाकणे हाच पहिला उपाय मानला जातो. परंतु अतिस्थूलता, हृदयविकार किंवा फुफ्फुसांच्या जुन्या दुखण्यामुळे भूलतज्ज्ञांनी नकार दिला, म्हणजे सगळे संपले असे घरच्यांनी समजू नये. आजार गर्भाशयापुरताच असेल, तर किरणांचा स्रोत थेट आत नेऊन, म्हणजे ब्रॅकीथेरपीने, तो बरा करण्याच्या उद्देशाने उपचार करता येतात. गाठ स्नायूत खोलवर गेली असल्यास त्याआधी साधारण पाच आठवडे बाहेरून किरणांचा शेक दिला जातो.

केंद्र निवडताना एक प्रश्न अवश्य विचारावा: किरणांचा स्रोत आत नेणाऱ्या नळ्या गर्भाशयात बसवल्यानंतर एमआरआय किंवा सीटी काढून किरणांचा डोस ठरवतात का? केवळ एक्स-रेवरील ठरावीक बिंदूंवरून मोजलेला डोस गर्भाशयाच्या जाड भिंतीला कमी पडू शकतो, आणि शेजारच्या मूत्राशयाला, गुदाशयाला वा आतड्याच्या वेटोळ्याला किती किरणे लागली हेही त्यावरून नीट कळत नाही. एमआरआयमध्ये गाठ आणि हे अवयव वेगवेगळे दिसतात.

भूलतज्ज्ञांना भेटताना सगळ्या गोळ्या पिशवीतून सोबत न्याव्यात. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. ते कधी थांबवायचे हे डॉक्टरच सांगतील. रुग्ण रात्री किती उश्या घेऊन झोपते, हेही सांगावे. किरकोळ वाटणारी ही माहिती फार महत्त्वाची आहे, कारण नळ्या आत असताना काही तास जवळजवळ सपाट पडून राहावे लागते आणि धाप लागणाऱ्या बाईला तेच सर्वांत जड जाते. उपाशीपोटी या म्हटल्यावर पेजसुद्धा चालत नाही. ‘पातळच तर आहे’ म्हणून पहाटे वाटीभर पाजणारे नातेवाईक आपल्याकडे कमी नाहीत.

कमरेत इंजेक्शन देऊन किंवा गुंगी आणून, बहुधा सोनोग्राफीत पाहत, नळ्या बसवतात. लघवीचीही नळी असते. स्कॅन व आखणी झाल्यावर तारेच्या टोकाला असलेला इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी धातूचा बारीक कण यंत्रातून आत जातो आणि काही मिनिटांत परत येतो. इरिडियमची ताकद सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते. त्यामुळे एका खेपेला वेळ थोडा जास्त लागला, तर डोस वाढवला अशी शंका घेऊ नये. नळ्या काढल्यावर अंगात किरणोत्सर्ग उरत नाही, नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नसते.

अशा अनेक खेपा असतात. त्यामुळे गोव्यातल्या रुग्णांनी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करावी. मुंबईला जायचे ठरले, तर प्रत्येक खेपेला रात्रीच्या बसचा प्रवास करण्यापेक्षा तिथेच राहण्याची सोय पाहावी, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचे कार्ड त्या रुग्णालयात चालते का हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

नंतर काही दिवस लघवीला जळजळ, पातळ शौच किंवा किंचित रक्त दिसू शकते. ताप, जोराचा रक्तस्राव, पोटात असह्य कळा किंवा एका पायाला आलेली सूज मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावी.