हँगर घेतला का? एंड्युरोला निघण्याआधीची यादी

पुढच्या महिन्यात आपल्याकडचे तिघे पहिल्यांदाच एंड्युरोला, म्हणजे डोंगरातल्या सायकल शर्यतीला, निघालेत. दोघे धुळ्याचे, एक जळगावचा. तिघंही माझ्याहून जोरात चालवतात, त्यामुळे वळण कसं घ्यायचं नि उडी कशी मारायची यात मी पडत नाही. लिहायला बसलो ते एवढ्यासाठी की गेल्या वर्षी बारा वर्षांचा अनुभव आणि कर्जावर घेतलेली फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे दणके झेलणारी, सायकल घेऊन मी घाटाकडच्या एका शर्यतीला गेलो आणि दुसऱ्या स्टेजनंतर ती सायकल ढकलत चढ चढलो. बोटभर लांबीच्या, नरम ॲल्युमिनियमच्या एका तुकड्यापायी. त्या तुकड्याचं नाव हँगर, मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर लटकतो तो. हे नाव पुढे इतक्या वेळा येईल की वीट येईल. येऊ दे.

आधी शर्यत काय असते ते दोन वाक्यांत, कारण क्रॉस-कंट्रीवाल्यांचा, म्हणजे चढ-उतार सगळ्याचीच वेळ धरणाऱ्या शर्यतींची सवय असलेल्यांचा, इथेच घोटाळा होतो. घड्याळ फक्त स्टेजवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या टप्प्यांवर, चालतं आणि स्टेज बहुतेक सगळ्या उताराच्या. मधला चढ, म्हणजे ट्रान्सफर, आपल्या पायांनी चढायचा, त्याची वेळ धरत नाहीत, पण पुढच्या स्टेजच्या सुरुवातीला ठरलेल्या वेळी हजर व्हावंच लागतं. सगळ्या स्टेजची बेरीज सगळ्यात कमी तो पहिला. २०१३ साली याची जागतिक मालिका सुरू झाली आणि २०२३ पासून ती यूसीआय या जागतिक सायकल संघटनेच्या वर्ल्ड कपात गेली, तिथेही गाभा हाच. तेव्हा ट्रान्सफरवर कुणाला मागे टाकून काही मिळत नाही. तोरणमाळचा घाट पहिल्या दमात चढायची खोड आहे ना, ती घरी ठेवून जा. गप्पा मारत चढा. पण उशीर करू नका. मी चाळीस मिनिटं उशिरा पोचलो आणि बाद झालो. का, ते आलंच पुढे.

महिनाभर आधी. दम आपल्यात आहे, हात नाहीत. आपल्याकडचा उतार दोन-तीन मिनिटांत संपतो आणि ब्रेक सोडून बोटं मोकळी करायला सपाटी मिळते. तिकडे आठ-दहा मिनिटं सलग खाली जायचं, कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड होतो आणि मग ब्रेकच दाबला जात नाही. लळिंगच्या बाजूचा दगडगोट्यांचा उतार एकदा करून घरी येऊ नका, चारदा करा, मध्ये न थांबता, शेवटचा थकलेल्या हातांनी. ब्रेकचा लिव्हर एका बोटात येईल एवढा जवळ घ्या. तोरणमाळ ११५० मीटरच्या आसपास आहे, उतरायला ऐसपैस, पण डांबरी घाट उतरून हात तयार होत नाहीत, तो नाद सोडा. आणि यावलच्या किंवा अनेरच्या अभयारण्यात वनखात्याला न विचारता घुसू नका. एकाने केलं की पाटी लागते आणि सगळ्यांचं बंद होतं.

याच महिन्यात हँगर मागवायचा. याच महिन्यात, आठवडा आधी नाही. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्याला आपण आरडी म्हणतो, तो थेट फ्रेमला बसत नाही. मध्ये हा तुकडा असतो. तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, दगड बसला तर आधी हा वाकावा नाहीतर तुटावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. म्हणजे तो तुटतो हा दोष नाही, ते त्याचं काम आहे. खरी अडचण अशी की जवळपास प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या दोन सायकलींचाही जुळेल याची खात्री नाही. २०१९ पासून स्रॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने एक सगळ्यांना चालेलसा हँगर काढला, यूडीएच म्हणतात त्याला, आणि बऱ्याच नव्या फ्रेमना तो बसतो. तुमची फ्रेम त्यातली असेल तर नशीबवान आहात, तरीही एक जास्तीचा घ्या. नसेल तर जुना काढा, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, भोकं कुठे आहेत ते बघा, त्यावर आकडा कोरलेला असला तर लिहून घ्या आणि मग मागवा. दोन मागवा. धुळ्यात मिळणार नाही, जळगावात मिळणार नाही, नंदुरबारचं तर बोलूच नका. ‘सेम टू सेम आहे’ म्हणून कुणी हातात दिला तर आधी फ्रेमवर लावून बघा. माझ्याकडे अशा सेम टू सेमचे दोन तुकडे पडून आहेत, किल्ल्या अडकवायला.

बाकी सायकल. ब्रेक पॅड अर्धे झाले असतील तर बदला आणि नवे पॅड शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा लावू नका, चांगले वीस-पंचवीस ब्रेक मारून बसू द्या. लांब उताराला मेटलचे पॅड उष्णता जास्त सोसतात. ज्या ब्रेकला जे तेल लागतं तेच घाला, मिनरलच्या जागी डॉट गेलं की आतले सील गेले. आणि साखळीला तेल स्वतः घाला. माझी सायकल एका गॅरेजवाल्याने आपुलकीनं ‘जरा स्प्रे मारून देतो भाऊ’ म्हणत ब्रेकच्या डिस्कसकट न्हाऊ घातली होती. पॅड फेकावे लागले. सस्पेन्शनची हवा बघताना पाणी, हत्यारं, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड सगळं अंगावर घालून सायकलवर बसा आणि मग सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, मोजा, पुढे वीस टक्क्यांच्या आसपास, मागे तीसच्या. बनियनवर मोजलेला सॅग बनियनवर चालवण्यापुरताच खरा.

टायरबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको असं वाटतं, कारण बाभळीच्या काट्यात आपण लहानाचे मोठे झालो. पण एक गोष्ट ऐका. ट्यूबलेस टायर वर्षभर आपल्या बांधांवरून, वेड्या बाभळीतून फिरला की त्यात काट्यांची टोकं तुटून राहतात. सीलंट, म्हणजे टायरात ओतलेला चिकट द्रव, ती भोकं बुजवतं, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. शर्यतीत टायर फाटला, तुम्ही ऐटीत ट्यूब टाकली, की ती टोकं ट्यूबला आतून पाच ठिकाणी टोचतात. म्हणून आठवडा आधी टायर उतरवा, आतून हात फिरवा, पातळ हातमोजा घालून फिरवा, आणि एकेक टोक चिमट्याने काढा. माझ्या मागच्या टायरात एकोणीस निघाली. सीलंटही नवीन भरा. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकून रबराचा गोळा होतं, चाक हलवून आत डुबडुब ऐकू येत नसेल तर संपलं समजा. टायरचं भोक बुजवायचे प्लग घ्या, एक ट्यूब घ्या, पंप घ्या. हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

आता सामान भरायचं. इथे मी एक नियम केलाय, तो गेल्या वर्षीच्या पायपिटीतून आलाय: जे दुसऱ्याकडून मागता येतं त्याची काळजी शेवटी करायची. पाणी मागता येतं. ट्यूब मागता येते, लोक देतात. ॲलन की, साखळीची क्विक लिंक, ओआरएसची पुडी, अगदी चष्मासुद्धा मिळतो. हेल्मेट पण कुणीतरी देईल, जरी फुलफेस आपलंच हवं, डोक्याला घट्ट बसणारं. गेल्या वर्षी दुसऱ्या स्टेजच्या शेवटी एका बसक्या दगडाला आरडी लागला, खट्ट आवाज झाला आणि आरडी साखळीवर लोंबकळत राहिला. मी थांबलो तर पाच-सहा जण थांबले. इतकी चांगली माणसं! प्रत्येकाने बॅग उघडली. दोघांकडे हँगर होते. एकाचा एका भोकाने चुकला, दुसऱ्याचा मुळात वेगळाच. माझा हँगर, बरोबर मापाचा, चार महिन्यांपूर्वी मागवलेला, धुळ्यात घरी, आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यात होता. हरवू नये म्हणून तिथे ठेवला होता. हरवला नाही.

कुणी म्हणालं साखळी कापून सिंगल स्पीड कर. हार्डटेलवर, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर, जमतं. फुल सस्पेन्शनला मागचं चाक वरखाली झालं की साखळीची लांबी कमीजास्त लागते. कधी ताणून तुटते, कधी ढिली होऊन निसटते. माझी दोनशे मीटरवर निसटली. शेवटी साखळी काढून खिशात टाकली आणि चढ ढकलत निघालो. उतार बिनसाखळीचा जमलाही असता, उतरायला पेडल लागतं कुठे. पण तिथवर वेळेत पोचावं तर लागतं. घरी आल्यावर आई म्हणाली, “इतला पैसा घालीसन सायकल लिधी, आनि पायी उना?” मी डबा उघडून दाखवला. ती म्हणाली, हे बटण आहे असं वाटलं होतं.

तेव्हा हँगर घ्या म्हणजे कुठे घ्या, तेही सांगतो. एक सायकलला, एक कमरेच्या बॅगेत, एक गाडीतल्या पेटीत. कमरेच्या बॅगेत म्हणजे कमरेच्या बॅगेत. गाडी खाली पायथ्याशी असते आणि तुम्ही डोंगरावर. हँगरबरोबर त्याचे स्क्रू घ्या, ते बारीक असतात आणि जुने काढताना मातीत पडतात. ते स्क्रू ज्या मापाच्या कीने फिरतात ती की तुमच्या मल्टिटूलमध्ये आहे का, घरी प्रत्यक्ष फिरवून बघा. एकदा घरच्या ओट्यावर हँगर बदलूनही बघा, घड्याळ लावून. मला पहिल्यांदा अर्धा तास लागला, आता सात मिनिटं लागतात. डब्यात ठेवू नका. कुठल्याच डब्यात ठेवू नका.

सायकल नेताना. गाडीच्या मागे रॅकवर एकमेकींना खेटून तीन सायकली बांधल्या की मुंबई-आग्रा हायवेवर प्रत्येक गतिरोधकाला मधल्या सायकलचा हँगर वाकतो, आणि तो वाकलाय हे तिथे पोचून गिअर उड्या मारायला लागल्यावर कळतं. आरडी काढून, गुंडाळून, साखळीच्या पट्टीला बांधून न्या. पोचून परत बसवल्यावर डोळा मागून लावून बघा, आरडीच्या दोन्ही चकत्या वरच्या गिअरच्या दातांशी सरळ रेषेत दिसल्या पाहिजेत.

खाणं. आदल्या रात्री शेवभाजी नको. तर्रीची तर नकोच, ढाब्यावर कितीही आग्रह झाला तरी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या, दोन दिवस टिकतात, जिभेला ओळखीच्या असतात. केळी आपल्याकडची न्यायचा मोह होतो, पण पाठीवरच्या बॅगेत पहिल्या स्टेजलाच त्यांचं शिकरण होतं, गाडीत ठेवा. दोन लिटर पाणी, त्यातल्या अर्ध्यात ओआरएस. भुसावळच्या उन्हाची सवय आहे म्हणून कमी पाणी नेणारे पाहिलेत मी. घाटाकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आपली सवय तिथे उपयोगी पडत नाही.

सरावाचा दिवस. प्रत्येक स्टेज एकदा, जमलं तर पायी. सगळं पाठ करायला जाऊ नका, प्रत्येक स्टेजच्या तीनच जागा लक्षात ठेवा: जिथे चढ लपलाय, जिथे वळण दिसत नाही, आणि जिथे बसके दगड आरडीच्या उंचीला आहेत. संध्याकाळी गिअर बघा, हँगर बघा. नियमावली वाचा; कुठे बाहेरची मदत चालते, कुठे नाही, उशिराला दंड किती, हे शर्यतीगणिक बदलतं. कुणी सांगतं त्यावर जाऊ नका.

शर्यतीची सकाळ. नंबरची पाटी नीट बांधा, आपली सुरुवातीची वेळ हँडलला चिकटवा. टायरची हवा सकाळच्या गारव्यात भरा, गाडीत तापलेल्या टायरची हवा मोजू नका. पहिली स्टेज ऐंशी टक्क्यांनी. पडलात तर आधी उठून वाटेतून बाजूला व्हा, मागचा येतोय. स्टेजच्या मध्ये मागून हाक आली की बाजू द्या. बाकी तिथे सुचेल तसं.

शर्यत झाल्यावर. सायकल धुवा, पाणी डिस्कवर चालतं, तेल नाही. परतताना ज्याला कमी लागलं त्याने गाडी चालवावी, मालेगावच्या पुढे सगळ्यांनाच डुलकी येते.

गेल्या आठवड्यात मी तिघांनाही म्हटलं होतं, आपापल्या हँगरचा फोटो पाठवा, कमरेच्या बॅगेत ठेवलेला, डब्यातला नाही. धुळ्याच्या दोघांचे आले. जळगाववाल्या, तुझा अजून यायचाय.