आई-बापाच्या म्हातारपणाची सोय: सरकारी योजना कशा जोडाव्यात

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या रोजच्या सेवेचा सगळा खर्च उचलेल, अशी एकच एक सरकारी योजना नाही. चोपडा असो की शहादा, दोन-चार योजना जोडूनच भागवावं लागतं. त्यात पोरं सुरत-पुण्याला कामाला. म्हणून आई-बाप चालते-फिरते आहेत तोवरच हे काम हाती घ्या.

आधी कागद. आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि सातबारा, सगळीकडे नाव सारखंच आहे ना ते तपासा. बँक खातं आधारशी जोडा आणि आधारला चालू मोबाइल नंबर लावा. जन्मभर शेतात राबलेल्या बोटांचे ठसे झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. अशा वेळी ओटीपी कामी येतो.

मग पेन्शन. वय ६५, राज्यात १५ वर्षं रहिवास आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल, तर श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना. केंद्र आणि राज्य मिळून रक्कम तेवढीच. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजना शाखेत करायचा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ती जबाबदारी घरातल्या एकाच माणसाने घ्यावी. सगळ्यांवर सोडली की राहून जाते.

दवाखान्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड. २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून. सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा फुले योजना आहे. ॲडमिट करण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, विचारा की हाच उपचार याच दवाखान्यात योजनेत बसतो का.

पण हे पैसे ॲडमिट असेपर्यंतच्या उपचारांचे. घरी आणल्यानंतरचे डायपर, रोजच्या गोळ्या, अंघोळ घालायला येणारी बाई, हे सगळं आपल्यालाच बघायचं असतं, आणि खरा खर्च तोच. बहीण-भावांनी एकत्र बसून तो महिन्याच्या हिशेबाने कागदावर मांडावा, त्यातून पेन्शन वजा करावी आणि उरलेला भार वाटून घ्यावा. जी सून किंवा लेक रात्रंदिवस करते, तिच्या कष्टाचाही त्यात हिशेब धरा. तिने पैसे कमी दिले तरी तिचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

वॉकर, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. चौकशी समाज कल्याण कार्यालयात करा.

आता जमीन. शेत किंवा घर पोरांच्या नावे करायचंच असेल, तर बक्षीसपत्रात ‘आमच्या मूलभूत गरजा आणि सेवा पुरवण्याच्या अटीवर’ असं स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अटच लिहिली नसेल, तर दाद मागणं फार अवघड जातं. दुय्यम निबंधकांसमोर सही करण्याआधी तो मजकूर आई-बापासमोर मोठ्याने वाचून घ्या.

पोरं बघतच नसतील, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्चासाठी अर्ज करता येतो; महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो आणि त्यासाठी वकील करावा लागत नाही. अर्ज कसा करायचा हे कळत नसेल, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा.