एलपीव्हीओ स्कोप आणि रेटिकल निवडताय? या चुका टाळा

एलपीव्हीओ, म्हणजे १ पटीपासून पुढे पॉवर वाढवता येणारा बंदुकीचा स्कोप, घेताना बहुतेकांची नजर आधी मोठ्या आकड्यावर जाते: ६ पट, ८ की १०? माझं म्हणणं आहे, आधी १ तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून १ पटीवर बघा. आतलं आणि बाहेरचं दृश्य एकमेकांत मिसळत नसेल, कडेची सरळ रेष वाकत असेल, तर जवळच्या नेमाला तो स्कोप कायम त्रास देणार. मोठ्या आकड्याचीही किंमत मोजावी लागते. २४ मिमीच्या पुढच्या भिंगातून ६ पटीवर डोळ्यापर्यंत ४ मिमीचा झोत येतो, १० पटीवर जेमतेम २.४ मिमीचा. संधिप्रकाशात दृश्य अंधारतं आणि डोकं जरा हललं की काळी सावली येते.

सगळ्यात महागात पडते ती फोकल प्लेनची, म्हणजे रेटिकल (नेमाच्या रेषा-खुणा) स्कोपमध्ये कुठे बसवलंय ते न बघण्याची चूक. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल कायम तेवढंच दिसतं, त्यामुळे त्याच्या खुणा एकाच पॉवरवर खऱ्या असतात, बहुधा सर्वांत वरच्या. समजा ६ पटीवर एक खूण १ मिलची आहे (मिल हे कोनाचं माप; १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंमी). ३ पटीवर तीच २ मिलची होते. ३०० मीटरवर ३० सेंमी वर धरायचं होतं, तिथे तुम्ही ६० सेंमी वर धरता आणि गोळी निशाण्यावरून निघून जाते. लोक मग काडतुसाला दोष देतात! फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल पॉवरबरोबर लहान-मोठं होतं, म्हणून ही भानगड नाही, पण १ पटीवर रेटिकल इतकं बारीक होतं की भर उन्हातही दिसेल असा प्रकाशित बिंदू हवाच.

बीडीसी रेटिकलच्या, म्हणजे लांबवर गोळी किती खाली येईल ते दाखवणाऱ्या रेटिकलच्या, खुणा ठरावीक काडतूस, गोळीचा वेग आणि झिरोचं अंतर (जिथे नेम आणि गोळी जुळवलेली असते) धरून आखलेल्या असतात. तुमची बॅरल आखूड असेल तर त्या जुळतीलच असं नाही. प्रत्येक अंतरावर गोळी झाडून बघा. रेटिकल मिलमध्ये आणि टरेट (नेम सरकवायची चकती) एमओए या कोनाच्या दुसऱ्या मापात अशी जोडी तर घेऊच नका.

रेटिकल अंधुक दिसतंय? स्कोप परत करण्याआधी कोऱ्या भिंतीकडे रोखा, क्षणभर बघून नजर हटवा आणि पहिल्याच नजरेत रेषा धारदार दिसेपर्यंत डायोप्टर (डोळ्याजवळची फोकसची कडी) फिरवत राहा. झिरो सरकत असेल तर आधी माउंटचे (स्कोप बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचे) स्क्रू टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापाइतकेच आवळा. हाताच्या अंदाजाने जास्त आवळले तर नळी दबते.