डेंग्यूचा विषाणू पेशीत कसा जुळतो: तक्ता काढताना या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की गोव्यात डेंग्यूची चर्चा सुरू होते, आणि विज्ञान प्रदर्शनात त्याचे तक्तेही लागतात. डास बहुधा बरोबर काढलेला असतो. गडबड होते ती पेशीच्या आत.

एका विषाणूचे दोन, दोनाचे चार असे बाण काढू नका. तसे जिवाणू वाढतात. विषाणू पेशीत शिरला की आधी सुटा होतो. त्याच्या आरएनएवरून, म्हणजे त्याच्या जनुकीय साखळीवरून, पेशी एक लांबलचक प्रथिन बनवते आणि ते कापून १० प्रथिनं होतात. त्यांतली ३ नव्या विषाणूच्या कणात जातात: सी, पीआरएम आणि ई. बाकीची ७ एनएस (म्हणजे कणाच्या रचनेत नसलेली) प्रथिनं कणात दाखवायची नसतात. रक्ततपासणीत शोधतात ते एनएस१सुद्धा कणाचा भाग नाही, पेशी ते वेगळं बाहेर सोडते. पण जुळणीत एनएस प्रथिनांचा हात असतो. एनएस२ए नवा आरएनए जुळणीच्या जागी आणायला मदत करतं.

कण पेशीच्या बाहेरच्या पडद्यातून फुगून निघताना दाखवला, तर ते चित्र एचआयव्हीचं झालं. डेंग्यूचा कण एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, पोकळीत उमलतो.

सगळ्यांत जास्त खटकते ती पुढची चूक: जुळला की कण तयार झाला असं समजणं. नुकता जुळलेला कण ६० काट्यांचा, सुमारे ६० नॅनोमीटरचा असतो आणि संसर्ग करू शकत नाही. ई प्रथिन आम्लता मिळताच विषाणूचा पडदा पेशीच्या पडद्याला जोडतं, आणि कणाची बाहेरची वाट तर गॉल्जीच्या (पेशीतून माल बाहेर धाडणाऱ्या अंगकाच्या) आम्लधर्मी भागातूनच जाते! ई तिथेच कामाला लागलं तर कण पेशीतच अडकेल. म्हणून पीआरएमचा पीआर हा भाग ईच्या टोकावर टोपणासारखा बसलेला असतो. आम्लतेत काटे आडवे होतात, मग पेशीचंच फ्युरिन नावाचं प्रथिनं कापणारं विकर पीआर कापतं. तुकडा मात्र लगेच पडत नाही. कण बाहेर येऊन आम्लता ओसरली की गळतो. किती नेमकी व्यवस्था आहे ही! उरतो तो गुळगुळीत, सुमारे ५० नॅनोमीटरचा कण, ईच्या ९० जोड्यांचा. काही कण अर्धेकच्चेही बाहेर पडतात.

तेव्हा तक्त्यात दोन आकार काढा, काटेरी आणि गुळगुळीत, आणि मधल्या बाणावर फ्युरिन लिहा. सत्तरी तालुक्यातल्या मुलांना माकडतापावर तक्ता करायचा असेल तर तो विषाणूही याच कुळातला आहे. पेशीतली वाट हीच ठेवा, डासाच्या जागी गोचीड काढा.