बाराच फोटो काढायचे

पहिल्या रविवारी मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका वाचनालयाच्या खोलीत फळ्यावर त्रिकोण काढला. एका टोकाला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक; दुसऱ्याला शटर, म्हणजे तो किती वेळ आत येणार ते ठरवणारा पडदा; तिसऱ्याला आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा. समोर सतरंजीवर १३ ते १७ वर्षांची एकोणीस मुलं आणि माझ्या पिशवीत एकच कॅमेरा. प्रत्येकाच्या वाट्याला तो दोन मिनिटंसुद्धा आला नाही. पुढच्या रविवारी सात जण आले.

त्या सातांपैकी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, हे अ‍ॅपर्चर माझ्या मोबाइलमध्ये कुठे असतं?" उत्तर असं होतं की बहुतेक मोबाइलच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही. जे मुलांच्या हातात नव्हतं तेच मी दीड तास शिकवत बसले होते. वस्तीतल्या युवा उपक्रमांत फोटोग्राफी शिकवायला निघालेल्या नव्या लोकांसाठी हे लिहिते आहे, ते त्या प्रश्नापासून पुढे काय काय बदलावं लागलं त्याबद्दल.

तिसऱ्या रविवारी मी कॅमेरा घरी ठेवला. काळा कार्डपेपर आणि चिकटपट्टी नेली. मुलांनीच खिडक्या आणि दाराच्या फटी बुजवल्या. रस्त्याकडच्या खिडकीवरच्या कागदाला बोट जाईल एवढं एक भोक ठेवलं आणि समोरच्या भिंतीवर जुनी पांढरी चादर लावली. सकाळचे दहा वाजले होते, समोरच्या घरांवर लख्ख ऊन होतं. आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मुलं चुळबुळ करायला लागतात. तो वेळ धरून ठेवायचा, दिवा लावायचा नाही. मग कोणीतरी ओरडलं, "रिक्षा! उलटी रिक्षा!" चादरीवर अख्खी गल्ली उलटी उतरली होती. आकाश खाली, ओटले वर, दोरीवरचे कपडे खालून वर लोंबताहेत आणि रिक्षा छताला चिकटून चालली आहे. रंगसुद्धा होते. एक मुलगा बाहेर पळाला आणि रस्त्यात उभा राहून हात हलवू लागला, आतले सगळे त्याला उलटा बघून हसत होते.

प्रकाश सरळ रेषेत जातो, वरचा किरण खाली पडतो, खालचा वर, हे मग सांगावं लागलं नाही. त्यांनीच चादरीपासून भोकापर्यंत बोट नेत एकमेकांना समजावलं. भोक लहान केलं की चित्र रेखीव होतं पण अंधूक दिसतं, मोठं केलं की उजळ पण पुसट. फळ्यावरच्या त्रिकोणाची एक बाजू अशी भिंतीवर कळली. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिला वर्ग हाच घ्यावा. तोही उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात, पावसाळी आभाळ असेल तर भिंतीवर काही उतरत नाही.

मोबाइलचं शिकवणं त्यानंतर थोडक्यात आटपतं. लेन्स आधी सुती कापडाने पुसायची. खिशातल्या मोबाइलवर बोटांचा तेलकट थर असतो आणि निम्मे धुरकट फोटो त्यामुळेच येतात. चेहऱ्याचा फोटो घ्यायचा तर माणसाला दाराकडे तोंड करून बसवायचं, दाराकडे पाठ करून नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर बोट दाबून ठेवलं की फोकस पक्का होतो, तिथूनच बोट खाली सरकवून उजेड कमी करता येतो. फार जवळ जाऊन काढलं की नाक मोठं दिसतं, म्हणून दोन पावलं मागे. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी मोबाइल पारदर्शक पिशवीत बांधायचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री झाक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या फिरत्या देखाव्यांचे फोटो घेताना कोपर खांबाला टेकवायचं, कारण झाकी हलत असते आणि उजेड फक्त दिव्यांचा असतो. एवढं दोन रविवारांत होतं.

खरं काम पुढे आहे. मोबाइलमुळे मुलं एका संध्याकाळी तीनशे फोटो काढतात आणि एकही नीट बघत नाहीत. म्हणून मी नियम केला: आठवड्याला बाराच फोटो. तेरावा काढला तर आधीचा एक पुसायचा. सुरुवातीला मुलं चिडली. तेव्हा मी त्यांना राजा दीनदयाळांबद्दल सांगितलं. ते आपल्या इंदूरच्याच बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७४ च्या सुमारास ते फोटोग्राफीकडे वळले, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना पाठबळ दिलं आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी फोटो काचेवर निघायचा. जड कॅमेरा, तिकाटणं आणि काचा वाहून न्यायच्या, एक काच म्हणजे एक फोटो. शटर उघडण्याआधी ते किती वेळ नुसते बघत उभे राहत असतील, असं मी विचारलं. मग आम्ही राजवाड्यासमोर तसंच केलं. दहा मिनिटं मोबाइल खिशात, फक्त बघायचं. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. एकाला दिसलं की वरच्या मजल्यांवर ऊन आधी येतं आणि दार सावलीत राहतं. त्याने वीस मिनिटं थांबून एकच फोटो काढला.

बारातून तीन निवडायचे, तिनातून एक. हे निवडणं जमिनीवर प्रिंट मांडून करायचं, मोबाइलच्या पडद्यावर नाही. चार बाय सहाच्या एका प्रिंटला मला दहा रुपये पडतात आणि माझ्या सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त मोल त्याच पैशांचं आहे. प्रिंटभोवती मुलं गुडघ्यांवर बसतात, हात लावतात, जागा बदलतात. पहिला प्रश्न "फोटो कसा आहे?" हा नको, "छान आहे" म्हणून मुलं मोकळी होतात. "यात काय काय दिसतंय?" असं विचारायचं आणि ज्याने फोटो काढला त्याने सगळ्यांत शेवटी बोलायचं. १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन, त्यांच्याच फोटोंवर त्यांना बोलतं करून त्यांच्या अडचणी समजून घेण्याचं काम झालं. फोटोव्हॉइस ही पद्धत तिथून जगभर गेली. तिच्यातलं मला पटलेलं हेच, की फोटो हे बोलण्याचं निमित्त आहे. आमच्याकडे एका मुलाने रिकाम्या बादल्यांची रांग टिपली होती. सगळे रंगांबद्दल बोलत होते. तो शेवटी म्हणाला, "तिसरी आमची आहे. मी शाळेत उशिरा जातो ते हिच्यामुळे."

आता परवानगी. इथे माझ्या हातून चूक झाली आणि ती मला अजून सलते. मी मुलांना "वस्तीतलं रोजचं जगणं टिपा" एवढंच सांगून सोडलं. एका मुलाने नळावर केस धुणाऱ्या बाईंचा फोटो काढला आणि तो मित्रांना पाठवला. संध्याकाळी त्यांचे घरचे लोक वाचनालयात आले. ते रागावले ते बरोबरच होतं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, मुलाने त्यांच्यासमोर फोटो पुसला, मित्रांकडूनही पुसून घेतला, आणि एक महिना वर्ग बंद राहिला. मुलाला दोष द्यायचा नव्हता, शिकवायचं माझ्याकडून राहिलं होतं. तेव्हापासून पहिल्या महिन्यात मुलं एकमेकांना विचारायचा सराव करतात: आधी नमस्कार, मग आपलं नाव, मग फोटो कशासाठी हवा ते. काढल्यावर दाखवायचा, आणि समोरचा "नको" म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचा. "नको" ऐकून हसून पुढे जाता येणं हाही सरावच आहे.

मुलांच्या स्वतःच्या फोटोंचंही तसंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी लागते. मी मात्र कायद्याच्या आधीपासून पालकांची लेखी संमती घेते, हिंदीत आणि मराठीत, आणि कागद वाचून दाखवते. मुलाला एकट्याला बंद खोलीत शिकवायचं नाही, दार उघडं. निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच, कोणा एका मुलाशी खासगी संदेश नाहीत. एका देणगीदार संस्थेला वस्तीतल्या "गरीब मुलांचे कॅमेरा हातात धरलेले" उदास फोटो अहवालासाठी हवे होते. मी नाही म्हटलं, ते पैसे गेले. तुमच्यावरही ही वेळ येईल, उत्तर आधीच ठरवून ठेवा.

मुलींचं एक वेगळं सांगायला हवं. त्यांच्याकडे मोबाइल असतो असं धरू नका. तो बहुतेक वेळा दादाचा किंवा बाबांचा असतो आणि रविवारी बाबांबरोबर बाहेर गेलेला असतो. मी तीन जुने मोबाइल सिमकार्ड काढून वर्गाचे म्हणून ठेवले. वेळ सकाळी नऊ ते साडेदहा केली, कारण संध्याकाळी घरचं काम असतं आणि अंधार पडला की आया काळजी करतात. दोन आयांना पहिल्याच महिन्यात वर्गात बोलावलं. त्यातल्या एक काकू आता दर रविवारी दाराशी बसून स्वेटर विणतात, आणि त्या बसतात म्हणून चार मुली येतात.

पैशांचं सरळ सांगते. यावर घर चालत नाही. माझं चालतं ते लग्नसराईवर. वर्गाचं मानधन मिळतं तेव्हा मिळतं. म्हणून लग्नाच्या तारखा बघून वर्गाचं वेळापत्रक करा, नाहीतर मुलं येतील आणि तुम्ही एखाद्या मांडवात असाल. एकदा तसं झालं की मुलांचा विश्वास परत मिळवायला महिने जातात. संस्थेकडे किंवा मंडळाकडे जाताना कॅमेऱ्यांची मागणी करू नका. दहा रविवार, चौदा मुलं, प्रिंटचा खर्च आणि शेवटी एक प्रदर्शन, एवढं एका पानावर लिहून न्या. माझ्या अनुभवात अशा कागदाला होकार लवकर मिळतो. आणि वस्तीत ओळख नसेल तर आधी दोन महिने तिथल्या वाचनालयात पुस्तकं लावायला जा.

मागच्या तुकडीने घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढले. या भागात बहुतेक घरांत कोणीतरी कापडाच्या मिलमध्ये होतं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. या मुलांनी मिलचा भोंगा कधी ऐकलेला नाही. नववीतल्या त्या अ‍ॅपर्चरवाल्या मुलीने आजोबांचा गेटपास त्यांच्या तळहातावर ठेवून दाराच्या उजेडात टिपला. बारातला अकरावा फोटो. पहिल्या दहांत ती आजोबांना "हसा ना" म्हणत होती, अकराव्याच्या वेळी गप्प बसली.

गणेशोत्सवात मंडळाने मांडवाची एक बाजू आम्हाला दिली. दोरीला चिमटे लावून बेचाळीस प्रिंट टांगले. तिसऱ्या दिवशी काही म्हातारे कामगार आले, चष्मे पुसत त्या गेटपासपाशी थांबले आणि कोण सूत कातायच्या रिंगखात्यात होतं, कोण साच्यावर म्हणजे मागावर, कोण बदली कामगार, हे एकमेकांना सांगू लागले. आजोबांचं नावसुद्धा कोणीतरी ओळखलं. मुलं धावत आली. कोणाकडे वही नव्हती, म्हणून प्रिंट दोरीवरून उतरवून प्रिंटच्याच मागे लिहायला लागली. बॉलपेनने लिहिलं की खूण पुढच्या बाजूला उमटते आणि चेहऱ्यावर ओरखडा दिसतो. त्या दिवशी तसे चार प्रिंट खराब झाले, ते पुन्हा काढून घेतले. आता वर्गाच्या डब्यात मऊ शिसाच्या पेन्सिली असतात, आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे हलक्या हाताने तीन गोष्टी लिहिल्या जातात: फोटोत कोण आहे, कुठे काढला, कोणत्या तारखेला.