आधी वाक्य, मग मार्कर: अमूर्त कल्पना बांधकामापर्यंत कशी न्यावी

पांढरा ठोकळा, मूठ नसलेली दारं, कुठे चौकट नाही, आणि फाइलच्या नावात ‘ॲब्स्ट्रॅक्ट’. आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नव्यानं कामाला लागलेलं कुणी इमारतीचं असं चित्र घेऊन आलं की मी विचारते, यात ठेवलंस काय? काढलंस काय ते दिसतंच आहे. अमूर्त रचनेत एक नातं निवडायचं असतं, आणि जे जे त्या नात्याच्या आड येतं ते बाजूला करायचं असतं. नातंच निवडलं नसेल तर उरतं ते कमी तपशिलाचं ड्रॉइंग.

म्हणून सुरुवातीला पेन्सिल नको. एक वाक्य लिहा. त्यात क्रियापद हवं. आकाराचं किंवा मालाचं नाव नको. आमच्याकडे मुलांच्या वाचनालयाचं काम होतं तेव्हा वाक्य ठरलं: ‘मुलं कडेला टेकून वाचतात आणि मधून पळतात.’ ‘हलकं, मोकळं, पारदर्शक’ ही नुसती विशेषणं झाली, त्यांच्यावरून प्लॅन निघत नाही. अमेरिकन वास्तुकार लुई कान यांनी जागांची फोड केली ती सेवा घेणाऱ्या (माणसांनी वापरायच्या) आणि सेवा देणाऱ्या (जिने, डक्ट) अशी. फिलाडेल्फियाच्या रिचर्ड्स प्रयोगशाळेत जिने आणि हवेचे डक्ट (हवा वाहून नेणारे मोठे नळ) विटांच्या स्वतंत्र मनोऱ्यांत बाहेर उभे आहेत, ते या फोडीला धरूनच.

वाक्य ठरलं की बटर पेपर (आरपार दिसणारा पातळ कागद) आणि जाडात जाड मार्कर; यातून निघतो तो डायग्राम, म्हणजे कल्पनेची मोजक्या खुणांची आकृती. बारीक पेन हातात आलं की हात आपोआप खिडक्या काढू लागतो. रेघ, ठिपका आणि भरीव पट्टा, एवढ्याच खुणा वापरा. आमच्या वाचनालयाचा डायग्राम म्हणजे चहूबाजूंनी एक जाड पट्टा, त्याला आतून कोनाडे आणि मध्ये काहीच नाही. मग तो डायग्राम फोनवरून कुणाला तरी सांगा आणि पलीकडच्या माणसाला काढायला लावा. ‘साना’ या जपानी वास्तुकार-जोडीनं केलेलं जपानमधल्या कानाझावाचं एकविसाव्या शतकाचं समकालीन कला संग्रहालय (२००४) या परीक्षेत सहज पास होतं: ११२.५ मीटर व्यासाचं वर्तुळ, त्यात सुट्या सुट्या चौकोनी खोल्या, खोल्यांमधल्या फटींतून ये-जा, आणि पुढची-मागची बाजू कुठलीच नाही. फोनवर सांगताना ‘म्हणजे बघ, साधारण असं...’ सुरू झालं तर डायग्राम अजून व्हायचाय.

काय वगळायचं हे प्रश्नावरून ठरतं. हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये आखलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला. त्यातली अंतरं खरी नाहीत. रेघा उभ्या, आडव्या किंवा ४५ अंशांत. प्रवाशाला हवं होतं ते एवढंच की पुढचं स्टेशन कोणतं आणि गाडी कुठे बदलायची. तोच नकाशा घेऊन कुणी रस्त्यानं चालू लागलं तर फसेल. तेव्हा तुमचा डायग्राम ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नाहीतर महिन्याभरानं त्याच कागदावरून कुणीतरी ड्रेनेजची लाइन ठरवतं.

काम आधीच पुढे गेलं असेल तर उलट बाजूनं या. कंप्युटरवरच्या ड्रॉइंगमधले फर्निचर, हॅच (माल दाखवणाऱ्या रेघांची भरण), खिडक्या असे एकेक लेयर, म्हणजे थर, बंद करत जा. ज्या लेयरबरोबर इमारतीची ओळख जाते, त्यात तुमची कल्पना राहते. कधीकधी ती फरशीच्या हॅचमध्ये सापडते. असो, निदान कळलं.

आता या डायग्रामला बांधता येईल असा नियम हवा. योर्न उट्झन यांनी सिडनी ऑपेरा हाउसची स्पर्धा १९५७ मध्ये जिंकली तेव्हा छपराची कवचं मुक्तहस्त होती. मार्ग निघाला तो १९६१ च्या सुमारास: सगळी कवचं साधारण ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापलेली. वक्रता सगळीकडे सारखी झाली, म्हणून फासळ्यांचे तुकडे त्याच त्या साच्यांतून ओतता आले. नियमानं साचे कमी होत असतील तरच तो ठेवावा, असं माझं मत. स्वित्झर्लंडमधल्या वाल्सच्या थर्मल बाथमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात (१९९६), वास्तुकार पीटर झुमथोर यांनी दगडाच्या तीनच जाडी वापरल्या. तिन्ही थर सांध्यांसकट मिळून १५ सेंटिमीटर. क्रम कसाही लावला तरी पुढची रेषा जुळते, आणि तरीही भिंतीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा आल्यासारखी वाटत नाही. आमच्या कोनाड्यांना रुंदी एकच, ९०० मिलिमीटर. फक्त आत किती खोल जायचं ते बदलतं.

मग पाणी. अमूर्त इमारतीचा खरा कस इथे लागतो, आणि मासिकांतल्या फोटोंत तो दिसत नाही, कारण फोटो बहुधा पहिल्या पावसाआधीचे. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांची व्हिला साव्हॉय, पॅरिसजवळचं एक पांढरं घर, १९३१ मध्ये पुरी झाली, आणि पुढची काही वर्षं मालकीणबाई गळतीबद्दल त्यांना पत्रं लिहीत होत्या. भिंत एकसंध सपाट दिसायला हवी म्हणून तुम्ही छज्जा काढून टाकता, कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचं झाकण) काढून टाकता. पाणी दूर ठेवायचं त्यांचं काम मात्र शिल्लक राहतं, ते दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागतं. पॅरापेटचा, म्हणजे गच्चीच्या कठड्याचा, माथा गच्चीच्या बाजूला उतरता ठेवा, म्हणजे माथ्यावरची धूळ पावसात दर्शनी भिंतीवरून ओघळणार नाही. पत्र्याची पातळ टोपी लावलीत तर तिची कड भिंतीच्या निदान २० मिलिमीटर पुढे हवी; खालून तेवढी रेघ दिसते, दिसू द्या. खिडकीच्या माथ्याखाली ड्रिपची खाच काढा (पाणी तिथेच ठिबकून खाली पडावं म्हणून), पण ती दोन्ही टोकांना भिंतीच्या जरा अलीकडे थांबवा. भिंतीपर्यंत नेलेली खाच पाण्याला थेट भिंतीत आणून सोडते. लांब सलग प्लास्टरला तडा जाणारच, तेव्हा तो कुठे जावा हे आपणच ठरवायचं: खिडकीच्या उभ्या कडेच्या रेषेत सांधा द्या, तो रचनेचाच भाग वाटतो. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) डोळ्यांत खुपत असेल तर ती भिंतीच्या पातळीत आत घ्या आणि वर १० मिलिमीटरची शॅडो गॅप, म्हणजे सावलीची बारीक फट, सोडा. अजिबातच काढलीत तर फरशी पुसणारा मॉप भिंतीवर स्वतःची स्कर्टिंग रंगवतो. ‘काहीच नाही’ दिसणाऱ्या एका कडेला नेहमीच्या कडेपेक्षा जास्त डिटेल ड्रॉइंग्ज लागतात. फी सांगण्याआधी ती मोजा.

माणसं प्लॅनमध्ये याच्याही आधी आणावीत. अमेरिकन वास्तुकार पीटर आयझेनमन यांच्या हाउस सिक्स या घरात (१९७५) शयनगृहाच्या जमिनीतून काचेची फट जाते, आणि त्या फटीमुळे तिथे डबल बेड ठेवता येत नव्हता. ते घर मला बघायला फार आवडतं. कुणाला राहायला बांधून देणार नाही. डायग्रामवर झोपणारा माणूस, झाडू मारणारा माणूस आणि चाकाची खुर्ची वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ मापात काढा. आमच्याकडे ग्रंथपालबाईंना खोल कोनाड्यांतली मुलं दिसेनात. मग खोल कोनाडे त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीत आले, उथळ त्यांच्या पाठीमागे गेले, आणि वाक्यात भर पडली: ‘आणि एक जण सगळ्यांकडे बघतो.’

क्लायंटला डायग्राम आधी दाखवू नका. त्यांना तो कंपनीचा लोगो वाटतो, आणि मग चर्चा रंगावर जाते. प्लायवूडचा एक कोनाडा पूर्ण मापात ठोकून घ्या आणि त्यात बसायला सांगा. पाठ कुठे टेकते, पाय कुठे जातात, पुस्तक धरल्यावर कोपर कुठे आपटतं ते टिपून घ्या आणि कोनाडा किती खोल ते माप त्यांच्यासमोरच पक्कं करा. नंतर त्यांनी विचारलंच, हे सुचलं कसं, तर बटर पेपर काढा.