ऑइलचा लाल दिवा, दोष सेन्सरचा

सायनच्या सिग्नलला गाडी आयडलवर (उभी, इंजिन नुसतं चालू) आली की ऑइल प्रेशरचा लाल दिवा मिणमिणायचा. जरा रेस दिली की गायब. गॅरेजवाल्याने थेट ऑइल पंपच बदलायला सांगितलं. पण डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल बरोबर. ऑइल कमी पोचलं की इंजिनात वरच्या बाजूला टॅपेटची टकटक येते, तीही नाही.

प्रेशर सेन्सरचा कनेक्टर काढला, तर पिना ऑइलने माखलेल्या. सेन्सरच्या आतला पडदा फाटला की ऑइल असंच बाहेर झिरपतं. तरी खात्री हवीच, इथे अंदाजावर राहिलं तर इंजिन जातं. सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज (दाब थेट दाखवणारा काटा) लावला: इंजिन गरम, आयडलला दाब 20 पीएसआय, पुरेसा. म्हणजे पंप ठणठणीत.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवा सेन्सर आणला, कनेक्टर क्लीनरने धुतला. दिवा गेला. बसवताना पान्यावर जोर काढू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे पटकन जातात.